तारेला न दुखवता

दातांनी वायर सोलणारा माणूस मला लांबूनही ओळखता येतो. त्याच्या वरच्या पुढच्या दाताला खाच पडलेली असते, आणि तो हसला की ती दिसते. आमच्या धंद्यात अशी खाच असलेले निदान दहा जण मला माहीत आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाला ती खाच म्हणजे अनुभवाचं सर्टिफिकेट वाटते. मला तो निव्वळ आळस वाटतो. खिशात हत्यार ठेवायचा कंटाळा, म्हणून तोंड वापरायचं. ज्या तोंडाने वडापाव खायचा, त्याच तोंडाने भिंतीतून ओढलेली, झुरळांनी वर्षानुवर्षं तुडवलेली वायर चावायची. वर पुन्हा तो प्लास्टिकचा तुकडा थुंकायचा, तोही गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या लादीवर.

मी वायरमन आहे. कांजूरमार्गला राहतो आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, कधीमधी पलीकडे मालाड-अंधेरीपर्यंत, बावीस वर्षं लोकांच्या भिंती उघडतोय. भिंत उघडली की आधीच्या माणसाची लायकी लगेच कळते. ती बहुतेक वेळा नसतेच.

दातवाल्यांच्या खालोखाल माझ्या डोक्यात जातात ते ब्लेडवाले. अर्ध्या ब्लेडला टेप गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवतात आणि वायरभोवती असं फिरवतात की वरचं प्लास्टिक निघेपर्यंत आतल्या चार तारा अर्ध्या कापल्या गेलेल्या असतात. घरातल्या वायरीत एकच जाड तार नसते, बारीक तारांचा जुडगा असतो. त्यातल्या चार गेल्या काय नि राहिल्या काय, असं या लोकांना वाटतं. लायटरवाले त्याहून थोर. ते प्लास्टिक जाळतात, फुंकर मारतात आणि गरम असतानाच खेचून काढतात. तांब्यावर काळं चिकट राहतं, त्यावरच स्क्रू आवळतात, आणि सहा महिन्यांनी बोर्ड जळाला की मान हलवून सांगतात, "लोड जास्त झाला शेठ." कटरवाल्यांचा तोरा तर विचारूच नका. कटर अंदाजाने दाबायचं आणि झटका देऊन ओढायचं. "हाताला कळतं," म्हणतात. हाताला काडीचं कळत नाही. ओढून फेकलेल्या प्लास्टिकमध्ये डोकावून बघा, तुटलेल्या दोन-तीन तारा आत सापडतील.

हे सगळे एकवेळ परवडले, पण तारा कमी करणारा माणूस मला नजरेसमोर नको असतो. स्वस्त स्विचच्या भोकात जाड वायर जात नाही, म्हणून हा सोललेल्या जुडग्यातल्या पाच-सहा तारा पकडीने छाटून टाकतो. "गेली ना आत? मग झालं ना यार." चारचौघांत, गिऱ्हाइकासमोर छाटतो. त्याला लाज वाटत नाही, आणि गिऱ्हाईक कौतुकाने बघत उभं असतं.

आता हत्यारं विकत घेणाऱ्यांबद्दल. स्टेशनबाहेर फूटपाथवर वायर सोलायचे रंगीत दांड्यांचे स्ट्रिपर ढिगाने मिळतात. ते घेणाऱ्यांनी कधी एकदा तरी जबडा मिटून उजेडाकडे धरलाय का? मी दुकानात पहिल्यांदा तेच करतो. जबडा मिटला आणि दोन पात्यांमधून उजेड दिसला, की हत्यार परत. मग दांडी दाबून सोडायची, स्प्रिंगने तिला लगेच उघडलं पाहिजे, विचार करत उघडणारी नको. मग माझ्या खिशातले वायरचे तुकडे काढायचे, बारीक, मध्यम, जाड, आणि दुकानातच सोलून बघायचे. दुकानदार तोंड वाकडं करतो. करू दे. साडी घेताना बायका पदर उलगडून बघतात, तेव्हा हाच माणूस चहा मागवत असेल.

आणि निगा! आमच्याकडची निगा म्हणजे वर्षातून एकदा, खंडेनवमीला. सगळी हत्यारं पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, हात जोडायचे आणि संध्याकाळी कुंकवासकट पिशवीत कोंबायची. एकाच्या स्ट्रिपरची स्प्रिंग मी उघडून दाखवली होती, आत कुंकवाचा लगदा. तो म्हणाला, देवाचं आहे, काढू नको. अशा माणसाशी काय बोलायचं? माझं हत्यार दर रविवारी वर्तमानपत्रावर उघडलं जायचं. जुन्या टूथब्रशने जबड्यातला प्लास्टिकचा चुरा काढायचा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बिजागरीला, एकच, आणि मऊ फडक्याने पुसून घ्यायचं. त्या स्ट्रिपरने मी लोखंडी तार कधी कापली नाही. कोणाला उसना दिला नाही. घरात मला हसायचे. मुलगी म्हणायची, बाबा त्याला अंघोळ घालतात.

हा स्ट्रिपर साधा नव्हता, ऑटोमॅटिक होता. वायर जबड्यात घातली आणि दांडी दाबली की तो वायर स्वतःच पकडतो, प्लास्टिक कापतो आणि ओढून काढतो, एका दमात. त्याला अंगठ्याने फिरवायचा एक बारका स्क्रू असतो. वायरचं प्लास्टिक कडक असेल तर तो आवळायचा, मऊ असेल तर सैल करायचा, कारण आवळलेला राहिला तर पातं प्लास्टिक पार करून तांब्यापर्यंत जातं. लोहार चाळीत, इलेक्ट्रिकच्या घाऊक बाजारात, चार दुकानं फिरून मी तो घेतला होता. तो हातात आल्यापासून मी दातवाल्यांशी बोलणं जवळजवळ टाकलं.

मालाडला एका बेकरीच्या भट्टीचं काम निघालं. भट्टीजवळची वायर उष्णता सोसणारी, तिचं आवरण कडक आणि चिवट. स्क्रू दोन आटे आवळला, झकास सोलली. काम संपलं, हत्यार पुसलं, पिशवीत ठेवलं. रविवारी तेल दिलं.

त्यानंतर आठवडाभराने भांडुपचं काम आलं. टेकडीकडे चढत जाणाऱ्या गल्लीत, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, एक म्हातारं जोडपं राहत होतं. काका आतल्या खोलीत पलंगावर, तोंडावर मास्क, शेजारी ऑक्सिजन तयार करणारं मशीन. त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती. दिवसाचे चोवीस तास ते मशीन चालू हवं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. काकी मालवणच्या बाजूच्या, मिल बंद पडल्यावर परळ सोडून इकडे आलेल्या. त्यांना मशीनसाठी पलंगाजवळ नवा पॉइंट हवा होता, थेट मेन बोर्डावरून. "बाकी काय पण बंद पडूदे बाबा, ह्या मशीन बंद पडाक नको," एवढंच त्या म्हणाल्या.

मी आधी घर बघून घेतलं. स्वयंपाकघरात लाकडी बोर्डावर एक काळा, जुना प्लग पॉइंट होता. उघडला तर वायर सुरीने सोललेली, पेन्सिलीला टोक करावं तशी तिरकी. मला हसू आवरेना. मी हॉलमधून मोठ्याने म्हणालो, "काकी, हे कुठल्या जत्रेतल्या माणसाने केलंय? सुरीने? वायर आहे की काकडी?" आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. काकींनी एकदा तिकडे बघितलं. मी पुढे सुरू: हा पॉइंट काढून फेका, यावर मिक्सरसुद्धा लावू नका, जुन्या लोकांना हत्यारं माहीत नव्हती, नुसता अंदाज चालायचा. काकी म्हणाल्या, "असू दे तो. चलता." मी खांदे उडवले.

मग मी माझा स्ट्रिपर काढला, काकींना दाखवला, कशी वायर सोलतो तेही दाखवलं. खट्, आणि प्लास्टिक बाजूला. नवी वायर, नवा सॉकेट, नवी प्लेट. आयटीआयमध्ये आमचे सर शिकवायचे, की कामाआधी एक फुकट तुकडा सोलायचा, तारा फाकवून उजेडात बघायच्या, वाकवायच्या, एकही तुटत नाही याची खात्री झाली की मग खरी वायर धरायची. माझ्या हत्याराला त्याची गरज नव्हती. म्हणजे मी तसं ठरवून टाकलं होतं. तुकडे सोलून बघणं हे फूटपाथवरचे स्ट्रिपर घेणाऱ्यांनी करावं.

तीन आठवड्यांनी, दुपारी, घाटकोपरला काम करत असताना काकींचा फोन आला. मशीन बंद पडलं होतं. घरात एक लहान सिलिंडर होता, शेजारच्या बाईंनी धावत येऊन तो जोडून दिला होता. "त्यांचे ओठ निळे झाले होते रे," त्या म्हणाल्या. मी स्कूटर काढली. एलबीएस रोडवर मेट्रोच्या पत्र्यांमधून वाट काढताना माझं मन बिलकुल घाबरलेलं नव्हतं, ते शिव्या घालत होतं. मशीनवाल्यांनी कसला तरी भंगार माल दिला असणार. नाहीतर म्हाताऱ्यांनी प्लग नीट दाबला नसणार. लोकांना प्लग घालता येत नाही आणि वायरमनला फोन करतात. माझा पॉइंट असण्याचा प्रश्नच नव्हता.

वर पोचलो तेव्हा मशीन चालू होतं. स्वयंपाकघरातून एक लांब एक्स्टेंशन हॉल ओलांडून आतल्या खोलीत गेली होती. जो पॉइंट मी फेकून द्या म्हणालो होतो, त्याच काळ्या सॉकेटवर ते चालत होतं. मी काही विचार न करता म्हणालो, "काकी, त्या पॉइंटवर नका ठेवू हो, तो कोणी केलाय देव जाणे."

"ह्यांनीच केलेलो," काकी म्हणाल्या. "मिल बंद पडापर्यंत हे मिलमध्ये वायरमन होते. ह्या घरातला सगळा काम ह्यांनीच केल्यानी, इकडे इल्यावर."

त्या रागाने बोलल्या नाहीत. काका पलंगावरून माझ्याकडे बघत होते. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. म्हणजे त्या दिवशीची काकडी त्यांनी ऐकली होती, जत्राही ऐकली होती. मला शरमेने घाम फुटला, पण मी तो जिना चढून आल्याचा आहे असं दाखवलं आणि घाईघाईने मेन बोर्डावरचा फक्त माझ्या पॉइंटचा स्विच बंद करून तो उघडायला बसलो.

प्लेटचे दोन स्क्रू काढले, प्लेट पुढे ओढली आणि वायर माझ्या हातात आली. सॉकेटच्या स्क्रूखाली तारांची नुसती टोकं राहिली होती. जिथे प्लास्टिक संपतं, बरोबर त्याच रेषेवर सगळ्या तारा तुटल्या होत्या. दोन-तीन शेवटपर्यंत टिकल्या असाव्यात, त्यांची टोकं काळी पडली होती. काकांना हॉलच्या खिडकीजवळ बसवायचं म्हणून रोज सकाळी प्लग काढून मशीन हॉलमध्ये न्यायचे, हे काकींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रोज प्लग ओढला की प्लेट जराशी हलायची, आणि अर्ध्या कापलेल्या तारांमधली एकेक जायची. हे सगळं मला एका नजरेत कळलं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वायरी बघून हेच तर सांगत आलो होतो. ही खूण ब्लेडवाल्याची, असं मी डोळे मिटून म्हटलं असतं. पण सोललं मी होतं.

मग मालाडची भट्टी आठवली. दोन आटे आवळलेला तो स्क्रू मी परत सैल केलाच नव्हता. रविवारमागून रविवार मी ते हत्यार पुसलं होतं, तेल दिलं होतं, आणि त्या स्क्रूकडे एकदाही बघितलं नव्हतं. कुंकवाचा लगदा ठेवणारा तो माणूस आणि मी, फरक काय होता? त्याची पूजा वर्षातून एकदा असायची आणि माझी आठवड्याला.

"काय झाला होता रे?" काकींनी विचारलं.

इथे मी जे केलं ते लिहायला अजूनही जड जातं, पण लिहितो. मी वायरीचं ते टोक वीतभर कापून मुठीत घेतलं, चेहरा कारागिराचा केला आणि म्हणालो, "वायरच खराब निघाली काकी. आजकाल कंपन्या काय माल देतात, विचारू नका. तांबं ठिसूळ आहे. मी बदलून देतो, फुकट."

काकींनी मान हलवली. त्यांना पटलं होतं. त्या माझे आभारसुद्धा मानणार होत्या, तेवढ्यात पलंगावरून टकटक आवाज आला. काका बोटाने लोखंडी पट्टीवर मारत होते. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं पाणी हवंय. त्यांनी माझ्या मुठीकडे बोट दाखवलं.

मी वायर दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि तुटलेल्या टोकांवरून अंगठ्याचं नख फिरवलं, सावकाश, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग पुन्हा हात पुढे केला. यावेळी बोट माझ्या पिशवीकडे होतं. मला स्ट्रिपर द्यावाच लागला. त्या चकचकीत हत्याराकडे त्यांनी फार वेळ बघितलं नाही. माझ्या वायरीचं दुसरं, चांगलं टोक जबड्यात घातलं. दांडी दाबायला त्यांना दोन्ही हात लागले. खट्. प्लास्टिक निघालं. त्यांनी उघड्या तारा दोन बोटांत धरून एकदा मागे वाकवल्या, एकदा पुढे. तांब्याचे बारीक तुकडे चादरीवर पडले.

आणि मग त्यांनी मास्क काढला.

"अहो!" काकी ओरडल्या.

"वायर बरी असा," काका म्हणाले. एकेक शब्द श्वास घेऊन येत होता. "हत्यार तारा कापता. खोटा सांगता हो वायरमन."

काकी माझ्याकडे बघायला लागल्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काय, ते आता आठवत नाही, बहुतेक सेटिंग वगैरे. काकांनी हात वर करून मला थांबवलं. मास्क त्यांच्या दुसऱ्या हातात होता, छातीवर.

"कधीपासना?"

मला प्रश्न कळला नाही. "काय, काका?"

"कधीपासना... असा सोलतंस?"

"तसं काही नाही काका, एवढंच एक... म्हणजे मधे मालाडला जरा..."

त्यांनी मास्क लावला नाही. त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा होता, त्यावरचा आकडा मला दिसत होता. एक्याण्णव होता, आता अठ्ठ्याऐंशी झाला. काकी त्यांचा हात धरून मास्क वर न्यायला बघत होत्या आणि त्या थकलेल्या हातात एवढं बळ कुठून आलं कळत नाही, तो हलत नव्हता. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी उत्तर देत नाही तोवर ते श्वास घेणार नव्हते, हे मला तेव्हा समजलं. काकींना माझ्या आधी समजलं.

"सांग रे लवकर!" त्या किंचाळल्या. "काय ता सांग त्यांका!"

"महिना झाला," मी म्हणालो. "मालाडला स्क्रू आवळला होता, तो सोडायचा राहिला. माझी चूक आहे."

"किती घरां?"

"चार. घाटकोपरला एक गीझर. कांजूरला सोसायटीचा पंप. हे तुमचं. आणि आज सकाळी घाटकोपरलाच एका दुकानाचं."

आकडा चौऱ्याऐंशी. ओठांच्या कडा निळसर होत चालल्या होत्या. काकी रडत होत्या. काकांनी मास्क तोंडाजवळ नेला आणि मधेच थांबवला. आयुष्यभर वायरमनबरोबर काम केलेला माणूस होता तो. वायरमन चार म्हणतो, तेव्हा काय मागे ठेवतो, हे त्यांना माहीत असणार.

"अजून?" ते म्हणाले. आवाज जवळजवळ नव्हताच, ओठ हलले.

"मुलुंडला एक पाळणाघर आहे, काका," मी म्हणालो. "याच महिन्यात तिथले सगळे बोर्ड मी केलेत. खालचे, मुलांच्या हाताला येतील असे पॉइंटसुद्धा."

तेव्हा त्यांनी मास्क लावला. डोळे मिटले. छाती वरखाली होत राहिली आणि काकी चिमट्यावरच्या आकड्याकडे टक लावून बसल्या, मी तिथे नाहीच अशा. आकडा पंच्याऐंशी झाला, मग थोड्या वेळाने अठ्ठ्याऐंशी. मी चादरीवरचे तांब्याचे तुकडे गोळा करायला वाकलो, तर काकांनी डोळे न उघडता हाताने मला दार दाखवलं.

साडेचार वाजले होते. पाळणाघरात मुलं सहा वाजेपर्यंत असतात.